गुढीपाडव्याच्या रात्रीचे दिवे आणि ‘परग्रहावरच्या ताफ्या’चा दावा

आकाशात कुठे काही चमकलं की तो जुना व्हिडिओ पुन्हा फिरायला लागतो. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा, रात्री पावणेआठच्या सुमाराची वेळ. विदर्भ, खानदेश, मध्य प्रदेश, गुजरात एवढ्या पट्ट्यातल्या लोकांनी आकाशातून सरकणारी पेटत्या दिव्यांची रांग पाहिली. थोड्याच वेळात चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, धातूचं एक मोठं कडं पडलेलं सापडलं. पुढे त्या परिसरात धातूचे गोळेही मिळाले. व्हिडिओसोबतच्या मजकुराचा दावा असा, की तो परग्रहवासीयांच्या यानांचा ताफा होता, त्यातलं एक यान कोसळलं आणि सरकारने पुरावे दडवले.

अशा नोंदी गोळा करणाऱ्या एका लहानशा हौशी गटात मी काम करतो. आकाशात दिसलेली, ओळख न पटलेली वस्तू नेमकी काय होती, हे शोधणं हे आमचं काम. म्हणूनच हा मजकूर मला खुपतो. त्यातला एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा वेगाचा. उल्का क्षणात विझते आणि हे दिवे मिनिटभर शिस्तीत चालले होते, म्हणून ती यानं होती, असं म्हणतात. यातलं अर्धं निरीक्षण अगदी बरोबर आहे. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने वातावरणात घुसते आणि बहुतेकदा एक-दोन सेकंदांत संपते. पण पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू, उदाहरणार्थ वापरून झालेल्या रॉकेटचा भाग, खाली येते तेव्हा तिचा वेग सेकंदाला पावणेआठ किलोमीटरच्या आसपास असतो आणि ती जवळजवळ आडवी येते. नाशिक ते चंद्रपूर हवाई अंतर सुमारे पावणेसहाशे किलोमीटर. ते कापायला तिला सव्वा मिनिट लागेल. फुटलेले तुकडे एकाच दिशेने, जवळजवळ एकाच वेगाने जात राहतात, म्हणून रांग शिस्तीची दिसते. आणि हे सगळं ऐंशी किलोमीटरच्या आसपासच्या उंचीवर घडतं, म्हणून हजार किलोमीटरवरच्या माणसालाही ते क्षितिजाशी दिसू शकतं. जळगावच्या माणसाला ते आपल्या शेतावरून गेल्यासारखं वाटलं आणि नागपूरच्या माणसाला आपल्या गच्चीवरून, ते यामुळेच.

दुसरा मुद्दा कड्याचा आणि गोळ्यांचा. इतक्या उंचीवरून पडूनही ते जळले नाहीत, आणि इतके गोल कसे, असा प्रश्न असतो. रॉकेटमध्ये इंधनाच्या टाक्यांत दाब राखायला हेलियमसारखा वायू प्रचंड दाबाने भरून ठेवावा लागतो. गोल टाकीच्या भिंतीवर दाबाचा ताण सगळीकडे सारखा पडतो, म्हणून या टाक्या गोल करतात. त्या बऱ्याचदा टायटॅनियमच्या असतात किंवा कार्बनच्या तंतूंनी गुंडाळलेल्या. टायटॅनियम १६६८ अंश सेल्सियसला वितळतं. शिवाय रिकामी टाकी आकाराच्या मानाने हलकी, त्यामुळे विरळ हवेतच तिचा वेग मोडतो आणि ती पुरती जळण्याआधी खाली येते. पुढच्याच महिन्यात, मे २०२२मध्ये, गुजरातच्या आणंद आणि खेडा जिल्ह्यांतही असेच गोळे पडले.

तिसरा मुद्दा: शास्त्रज्ञांनीच आधी उल्का म्हटलं, मग एका रॉकेटचं नाव घेतलं, मग दुसऱ्याचं, म्हणजे पाणी मुरतंय. मला यात उलटं दिसतं. त्याच संध्याकाळी भारतीय वेळेनुसार सहाच्या सुमारास न्यूझीलंडहून इलेक्ट्रॉन रॉकेट सुटलं होतं, म्हणून पहिला संशय त्याच्यावर गेला. पण इलेक्ट्रॉनचा व्यास १.२ मीटर आणि लाडबोरीचं कडं सुमारे ३ मीटर व्यासाचं. चांग चंग-३बी या चिनी रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचा, म्हणजे काम झाल्यावर सुटा होणाऱ्या सगळ्यात वरच्या भागाचा, व्यास बरोबर ३ मीटर. उपग्रहांच्या कक्षांचा हिशेब ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी त्याच रात्री सांगितलं, की फेब्रुवारी २०२१मध्ये सुटलेल्या चांग चंग-३बीचा हा टप्पा त्याच सुमारास वातावरणात शिरणार होता. असा टप्पा उपग्रह सोडून लांबट कक्षेत फिरत राहतो. प्रत्येक फेरीत पृथ्वीजवळ आला की विरळ हवा त्याचा थोडा वेग खाते, आणि महिन्यांमागून महिने तो खाली येत जातो. मत बदललं, कारण पुरावा हाती आला. आमच्या वहीतही खोडलेल्या नोंदी भरपूर आहेत, आणि त्या आम्ही मुद्दाम तशाच ठेवतो.

चौथा मुद्दा सगळ्यात वजनदार: इतक्या साध्या, सरळ माणसांनी लांबलचक यान पाहिलं, काहींनी खिडक्याही पाहिल्या, ते सगळे खोटं बोलतात का? नाही. अजिबात नाही. साक्षीदाराला खोटारडा किंवा खुळा ठरवणाऱ्या लोकांचा मला या मजकुराइतकाच राग येतो.

कॅनडातल्या युकॉन प्रांतात ११ डिसेंबर १९९६च्या रात्री काय झालं ते पाहा. क्लोंडाइक महामार्गावर, फॉक्स लेक, कारमॅक्स, पेली क्रॉसिंग अशा एकमेकांपासून दूरच्या ठिकाणी लोकांना दिव्यांच्या रांगांचं अजस्र यान दिसलं. मधे काळं धूड आहे, त्याने तारे झाकले, असंही काहींनी सांगितलं. यूएफओ-बीसी नावाच्या हौशी गटातला एक अभियंता त्यांच्याकडे गेला. त्यांनी जिथून पाहिलं तिथेच त्यांना उभं करून त्याने दिशा आणि कोन मोजले, चित्रं काढून घेतली. हिशेबाने यानाची लांबी किलोमीटरच्या आगेमागे निघाली आणि ही घटना जगभर गाजली. २०१२मध्ये टोरोंटोच्या टेड मोल्झन या हौशी उपग्रहनिरीक्षकाने तारीख-वेळ ताडून दाखवलं, की कझाकस्तानातल्या बायकोनूर तळावरून त्याच दिवशी सोडलेल्या कॉसमॉस-२३३५ उपग्रहाच्या रॉकेटचा दुसरा टप्पा नेमका तेव्हा त्या आकाशातून जळत गेला होता.

त्या अभियंत्याचा निष्कर्ष चुकला, पण त्याच्या नोंदी चुकल्या नाहीत. सोळा वर्षांनी कोडं सुटलं ते त्या नोंदींमुळेच. साक्षीदारांनी दिवे खरेच पाहिले होते. दिव्यांच्या मधल्या अंधाराला आकार दिला तो मेंदूने, कारण एकाच गतीने सरकणारे ठिपके आपल्याला एकाच वस्तूचे भाग वाटतात. ३ मार्च १९६८ला अमेरिकेवरून रशियाच्या झोंड-४ मोहिमेचे अवशेष जळत गेले, तेव्हाही काही साक्षीदारांनी चौकोनी खिडक्यांचं यान पाहिल्याचं लिहून दिलं होतं. देश वेगळा, पिढी वेगळी, आणि वर्णन जवळजवळ तेच.

म्हणून आमच्या गटात कुणाचा फोन आला की पहिलं सांगणं असतं: दुसऱ्या कुणाशी बोलण्याआधी चित्र काढा. मग हात लांब करून मूठ धरायला लावतो, एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. कडुनिंबाच्या शेंड्यापासून किती मुठी वर, विजेच्या खांबाच्या कुठल्या बाजूला, हे विचारतो. वेळ आठवणीतून नाही, फोनमधल्या नोंदीवरून घेतो. त्यानंतर शुक्र, विमानं, आकाशकंदील, स्टारलिंक उपग्रहांची माळ, रॉकेटचे अवशेष, एकेक ताडून पाहतो. बहुतेक नोंदी इथेच सुटतात. काही उरतात, आणि त्यांच्यापुढे आम्ही ‘अज्ञात’ लिहितो. अज्ञात म्हणजे परग्रहावरचं, असं आम्ही कधीच लिहीत नाही.

दडवादडवीचा मुद्दा राहिला. पोलिसांनी वस्तू उचलून नेल्या हे खरं आहे, आणि ते योग्यच होतं. अशा टाकीत दाबाखालचा वायू किंवा विषारी इंधनाचा अंश राहिलेला असू शकतो, आणि आपल्याकडे पोरं अशा वस्तूभोवती आधी जमतात. शिवाय १९६८च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार परक्या देशाच्या अवकाशयानाचे भाग सापडले तर त्या देशाला आणि संयुक्त राष्ट्रांना कळवावं लागतं, मागणी आली तर परतही द्यावे लागतात. भारत त्या करारात आहे. कड्याचे फोटो तर गावकऱ्यांच्या फोनमधून त्याच रात्री सगळीकडे पोहोचले होते आणि नंतर इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहणी करून गेले.

अमेरिकेने यानं मान्य केली, असंही शेवटी जोडलेलं असतं. जून २०२१च्या त्यांच्या सरकारी अहवालात आकाशातल्या ओळख न पटलेल्या गोष्टींच्या १४४ नोंदी होत्या. त्यातली एकच खात्रीने ओळखता आली, तो हवा निघून चाललेला मोठा फुगा होता. बाकीच्यांसाठी माहिती अपुरी आहे, एवढंच तो अहवाल सांगतो.

त्या रात्रीचा व्हिडिओ तुम्ही स्वतः काढलेला असेल तर मूळ फाइल पुसू नका. पुढे पाठवलेल्या प्रतीतून वेळ आणि जागा बहुधा निघून जाते, मूळ फाइलमध्ये ती असते. कुठे उभे होतात आणि दिवे कोणत्या घराच्या किंवा झाडाच्या वरून गेले, एवढं एका कागदावर लिहून ठेवा आणि जवळच्या कुठल्याही आकाशनिरीक्षण मंडळाला दाखवा. अकोला, बुलढाणा, जळगाव या भागातल्या अशा नोंदी आमच्याकडे फारच थोड्या आहेत.