लेक टच, पाच गुंठे

माझे साडू मिनेसोटात राहतात. गेली बावीस वर्षं हे वाक्य आमच्या घरात ‘गुरुवारी पाणी येत नाही’ इतक्याच थंडपणे उच्चारलं जात होतं. गेल्या वर्षी जूनमध्ये साडूंनी तिथे उत्तरेला, मिनियापोलिसपासून तीन तासांवर, तळ्याकाठी एक लाकडी घर घेतलं आणि आमच्या घरातली शांतता गेली.

व्हिडिओ कॉलवर मेहुणी फोन फिरवून फिरवून दाखवत होती. हे घर, ही हिरवळ, हा पाण्यात गेलेला लाकडी धक्का, धक्क्यावरच्या ह्या दोन खुर्च्या. आमची सौ. म्हणाली, “अगंबाई, किती छान!” मी हातातला चहा खाली ठेवला. हा सूर मी ओळखतो. समोरच्या फ्लॅटमधल्या किचन ट्रॉल्या बघून आली तेव्हाही हाच सूर होता आणि तो मला दोन लाखांना पडला होता.

साडू मग माहिती देऊ लागले. त्यांच्याकडे गाडीच्या नंबरप्लेटवरच ‘दहा हजार तळी’ असं छापलेलं असतं. प्रत्यक्षात दहा एकर आणि त्याहून मोठी तळी मोजली तर ती ११,८४२ भरतात. मला हे राज्य पहिल्यांदाच आवडलं. दहा हजार सांगून वर अठराशे बेचाळीस देणारं कोणी आमच्या पेठांत दुकान टाकलं, तर गिऱ्हाईक संशयानेच परत जाईल. शिवाय तिथे भाव बोलतात तो जमीन किती फूट पाण्याला लागून आहे यावर. “आपले दीडशे फूट आहेत,” साडू म्हणाले. ‘आपले’ हा शब्द त्यांनी उगाच वापरला. सौ.ने तो उचलला.

नंतर ते बरंच कुरकुरले. त्यांच्या प्रकारच्या तळ्यावर नवीन घर बांधायचं तर पाण्याच्या ठरवून दिलेल्या उच्च पातळीपासून शंभर फूट मागे घ्यावं लागतं. सेप्टिक टँकची तपासणी होते. थंडी पडायच्या आत तो धक्का सुटा करून काठावर ओढून ठेवावा लागतो, नाहीतर बर्फ त्याचा चुरा करतं. हे सगळं आम्ही ऐकलं नाही. मी तरी ऐकलं नाही, आणि त्याचा पश्चात्ताप मला पुढे मे महिन्यात झाला.

“आपल्याकडे काय तळी नाहीत?” सौ. म्हणाली.

आहेत की. पानशेत आहे, वरसगाव आहे, मुळशी आहे, पवना आहे. पण त्यातलं एकही तळं नाही, सगळी धरणं आहेत. या दोन शब्दांतला फरक कळायला मला दहा महिने लागले.

आठवड्याभरात फोनमध्ये जाहिरातींचा पूर आला. मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवत होतो, “पवना लेक टच, पाच गुंठे, मोजकेच प्लॉट शिल्लक.” आतल्या खोलीतून आईने विचारलं, “कोणाची लेक?” तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, “पानशेत फुटलं तेव्हा आमच्या वाड्याच्या दुसऱ्या पायरीला पाणी टच झालं होतं. एक पैसा पडला नव्हता.” १९६१ चा पूर आई दर पावसाळ्यात एकदा तरी काढतेच. यंदा तो निदान विषयाला धरून होता.

ऑगस्टमधल्या एका रविवारी चांदणी चौक, पिरंगुट, पौड, कोळवण असं करत आम्ही तिकोना पेठेला पोचलो. एजंट वाट बघत उभा होता. पांढरा शर्ट, पांढरी गाडी, गळ्यात चेन. त्याला सगळे ‘भाऊ’ म्हणत होते, आम्हीही म्हणू लागलो. डोक्यावर तिकोना किल्ला ढगात, पलीकडे तुंग किल्ला ढगात, आणि खाली पाणीच पाणी. भाऊंनी आम्हाला चुन्याने रंगवलेल्या एका हद्दीच्या दगडापाशी नेलं. दगडापासून पाणी चार पावलांवर. मी स्वतः मोजली.

“मॅडम, सकाळी उठायचं, चहा घ्यायचा, पाय पाण्यात सोडून बसायचं.”

“पण ही मधली चार पावलं कोणाची?” मी विचारलं. पुण्यातल्या माणसाला हा प्रश्न पडतोच, सोसायटीतल्या पार्किंगमुळे सवय असते.

“ती पाटबंधाऱ्याची. संपादित हद्द. सरकारी आहे ओ, म्हणजे आपलीच.”

गुंठ्याला सात लाख. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. मी मनात गुणाकार करून तो लगेच विसरलो. पण पाच गुंठ्यांची खरेदीच होत नाही. जिरायतीचा तुकडा वीस गुंठ्यांच्या खाली पडत नाही, म्हणून चार कुटुंबांनी मिळून वीस गुंठे घ्यायचे आणि सातबाऱ्यावर सामाईक नावं लावायची. आपला पाच गुंठे कुठला ते आपापसात समजून घ्यायचं. मी सोसायटीच्या मीटिंगा डोळ्यांपुढे आणल्या. आमच्यात चोवीस सभासदांना पाण्याची एक टाकी कधी धुवायची हे तीन वर्षांत समजून घेता आलेलं नाही.

पण सौ. तोवर पाण्यात पाय सोडून बसली होती. भाऊंनी आमचा दोघांचा फोटो काढला. फोटो फारच सुंदर आला. मी इसार म्हणून अकरा हजार दिले. खिशात तेवढेच होते म्हणून वाचलो.

“आणि साहेब, तुमचा शेतकरी दाखला पाठवून द्या,” भाऊ सहज म्हणाले.

मी बँकेत बत्तीस वर्षं काढली. घरात कुंडीत एक तुळस आहे, तीही सोसायटीचा माळी जगवतो. पण १९४८ च्या कूळकायद्याचं कलम ६३ असं सांगतं की जो शेतकरी नाही त्याला महाराष्ट्रात शेतजमीन घेता येत नाही, घ्यायची तर आधी परवानगी काढा. म्हणजे साडूंना परक्या देशात तळ्याकाठी घर घेता येतं, आणि मला माझ्या जिल्ह्यात आधी शेतकरी असल्याचं सिद्ध करावं लागतं.

वडिलांकडून एवढंच ऐकलं होतं की वाईकडे आमची जमीन होती, ती कूळकायद्यात गेली. ‘गेली’ म्हणजे १ एप्रिल १९५७ ला कसणारं कूळच तिचं मालक झालं. आजोबांनी म्हणे तारीख बघून ती थट्टाच समजली होती. पण गावातल्या एका चुलतचुलत्यांनी सांगितलं, “अकरा गुंठे माळ अजून आहे. कुळानं घेतला नाही. कोणीच घेतला नाही.”

मोबाईलवर सातबारा उघडला तर खरंच होता. क्षेत्र अकरा गुंठे, त्यातले चार पोटखराबा, म्हणजे पीक न येणारे, आणि खातेदार सत्तावीस. त्यात माझे आजोबा होते. ते १९८३ साली वारले, पण सातबाऱ्यावर त्यांची प्रकृती उत्तम होती. त्यांना तिथून काढून मला आत जायचं, याला वारसनोंद म्हणतात. आजोबांचा मृत्यूदाखला, वडिलांचा मृत्यूदाखला, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र. मी आजोबांना बिन गोविंद लावलं होतं, कागदावर बिन गोंविद होतं. त्या मागे सरकलेल्या एका टिंबासाठी मी वाईला तीन खेपा घातल्या. टिंब शेवटी माझ्याच प्रतिज्ञापत्रात मागे सरकवलं.

तलाठी भाऊसाहेब माणूस सज्जन. फक्त जागेवर नसत. त्यांची खुर्ची असे, खुर्चीवर टॉवेल असे, लाल फडक्यात बांधलेली दप्तरं असत. चौथ्या वेळी भेटले तेव्हा म्हणाले, “नोटीस काढावी लागेल सगळ्या खातेदारांना. पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर नोंद मंजूर.”

नोटिसा गेल्या आणि सगळं खानदान जागं झालं. एका लग्नात आमरस कमी पडला यावरून नाशिकच्या चुलतभावाने २००९ पासून आमच्याशी बोलणं टाकलं होतं, त्याचा फोन आला.

“जमिनीवर डोळा आहे का तुझा?”

“अरे, चार गुंठे पोटखराबा आहे त्यात.”

“मग एवढा जीव का काढतोयस? काहीतरी येतंय तिथून. हायवे येतोय ना?”

त्याने हरकत घेतली. सुनावणी झाली. मी भर सुनावणीत सांगितलं की मला ही जमीन नको आहे, मला फक्त शेतकरी व्हायचं आहे. समोरचे अधिकारी बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. एप्रिलमध्ये नोंद मंजूर झाली. वाटण्या समान धरल्या तर माझ्या वाट्याला साडेचारशे चौरस फूट शेती येते, म्हणजे तीन मोटारी दाटीवाटीने उभ्या राहतील एवढी. घरी पेढे आणले. आई म्हणाली, “शेतकऱ्याला आता अवकाळीची काळजी.”

मे महिन्यात, हातात दाखला घेऊन, प्लॉट परत एकदा डोळ्यांखालून घालावा म्हणून आम्ही भाऊंना न कळवता गेलो.

तिकोना जागेवर होता, तुंग जागेवर होता. चुन्याचा दगडही जागेवर होता. पाणी नव्हतं.

म्हणजे होतं, पण कुठेतरी क्षितिजाकडे, ताटात शेवटी उरलेल्या आमटीसारखं. मधल्या सगळ्या उतारावर भेगाळलेला चिखल, त्यात म्हशींच्या खुरांचे खळगे, वाळलेले शिंपले, एक निळी चप्पल आणि कुठल्याशा कॅम्पिंगवाल्याचा तंबूचा खुंटा. लांबवर वाघेश्वराचं देऊळ उघडं पडलं होतं. हे देऊळ एरवी पाण्यात असतं आणि उन्हाळ्यात वर येतं. लोक चालत जाऊन दर्शन घेत होते. मी ज्याला तळं समजून पाच गुंठे घ्यायला निघालो होतो, त्याच्या तळाशी प्रदक्षिणा चालली होती.

सौ. म्हणाली, “मी पाण्यात पाय घालणारच.” आणि निघाली. वरचा थर टणक, खाली लोणी. दोनशेव्या पावलाला तिची डावी चप्पल चिखलाने ओढून घेतली. मी वाकून काढायला गेलो तर चप्पल राहिली आणि अंगठा तेवढा हातात आला.

तिथे एक आजोबा म्हशी घेऊन बसले होते. पाणी हटलं की मोकळ्या होणाऱ्या गाळात पेरतात, त्याला गाळपेर म्हणतात. त्यांची तिथे थोडी भाजी होती. आमची कसरत बघून म्हणाले, “पिलाट घेताय जनू?”

“बघतोय. बाबा, हे पाणी नेहमी इतकं लांब जातं?”

“जानारच की. धरान हाय ते. चिंचवडवाले पित्यात.”

हे मात्र खरं होतं. इथून सोडलेलं पाणी पवना नदीने रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत जातं आणि तिथून उचलून पिंपरी-चिंचवडच्या नळांना लागतं. माझा एक आत्येभाऊ चिंचवडला राहतो, दिवसातून दोनदा शॉवर घेतो. माझ्या प्लॉटचं पाणी कोण पळवतंय ते मला अचानक चेहऱ्यासकट दिसलं.

“तुमचं गाव कुठलं?” सौ.ने विचारलं.

आजोबांनी काठी उचलून पाण्याकडे केली. देवळाच्या अलीकडे, थोडं डावीकडे. “त्ये तिथं. घर व्हतं, खळं व्हतं. धरान झालं बाहत्तरला. जिमिनीचं कागूद अजून फिरत्यात.” मग म्हशीला हाकारून आम्हाला म्हणाले, “तुमचं कितीला म्हनतुय?”

सात लाख गुंठा हे मला सांगवेना. मी म्हणालो, “अजून ठरायचंय.”

येताना गाडीत सौ. एका पायात चप्पल घालून गप्प बसली होती. पौडला मिसळ खाल्ली. त्यानंतर ती म्हणाली, “त्या भाऊंकडून अकरा हजार परत घ्या.” ते मी मागितले आहेत. दिवाळीनंतर बघू म्हणाले. कोणती दिवाळी ते मी विचारलं नाही.

त्याच आठवड्यात साडूंचा फोन आला. गेल्या हिवाळ्यात धक्का काढायचा राहून गेला, एप्रिलमध्ये बर्फ फुटताना त्याचे तुकडे झाले. नवीन करायला किती डॉलर पडणार ते सांगताना त्यांचा आवाज कापत होता. मी अत्यंत आपुलकीने चौकशी केली. शेवटी राहवलं नाही म्हणून विचारलं, “पण पाणी आहे ना जागेवर?”

“म्हणजे? पाणी कुठे जाणार?”

जुलैत पाऊस लागला, धरण भरत आलं, आणि मेहुणीने अमेरिकेहून एक जाहिरात पाठवली. पवना लेक टच, पाच गुंठे, मोजकेच प्लॉट शिल्लक. खाली ‘आमचे समाधानी ग्राहक’ असं लिहून आमचा दोघांचा फोटो. सौ. पाण्यात पाय सोडून हसतेय, मी शेजारी पोट आत ओढून उभा, मागे ढगातला तुंग. मेहुणीने सोबत लिहिलं होतं, “घेतलंत आणि बोललाही नाहीत! किती सुंदर जागा आहे गं! आमच्यापेक्षा छान!”

मी म्हटलं, “तिला कळव खरं काय ते.”

सौ.ने चष्मा लावला, तो फोटो दोन बोटांनी मोठा करून नीट पाहिला आणि टाईप केलं, “थँक्यू ताई. या एकदा. पावसाळ्यात या.”