घर आयतं कसं मिळतं?

शहर सोडून गावच्या घरी परतणाऱ्या नायिकांच्या प्रेमकादंबऱ्यांवरचा लेख आवडला. गाव त्यांत नुसतं पडद्यासारखं मागे टांगलेलं असतं, ही तक्रार मात्र निम्मीच पटली. मला खटकतं ते हे की या पोरींना घर आयतं मिळतं! आमच्या खानदेशात धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरावर चार काकांची नावं असतात आणि आत्यांनी हक्कसोड करून दिलेली असते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि मग केंद्राने २००५ मध्ये कायद्याने लेकींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा दिला, तरी भाऊ दुखावू नये म्हणून हक्कसोडीवर सही होतेच. परतलेल्या लेकीने ती नाकारली तर? तिथे प्रेमकथेला धार येईल. नायक मग शेजारचा केळीवाला असो नाहीतर तलाठी (तलाठी असला तर मजाच).

आणि तिला पावसात कशाला भिजवता? आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, उन्हात आणा. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. नाहीतर श्रावणात कानबाईच्या, म्हणजे आमच्याकडच्या देवीच्या, सणाला आणा. सुरत-नाशिकला पांगलेली भाऊबंदकी नैवेद्याच्या रोटांसाठी एका घरात जमते, एकमेकांशी न बोलणारीसुद्धा.