गेस्ट म्हणा आणि सुटा

हॉटेल काढताय? उत्तम. गाद्या, नळ, गरम पाणी हे सगळं सावकाश बघू. आधी ‘गिऱ्हाईक’ हा शब्द हद्दपार करा. आजपासून येईल तो ‘गेस्ट’. गिऱ्हाईक हिशेब मागतं, गेस्ट बिचारा संकोचतो.

इंग्रजीची धास्ती नको. स्पेलिंगमधल्या ‘यू’चा उच्चार करायचा नाही. ‘ग’चा ‘ज’ होऊ नये एवढ्यासाठी तो मध्ये उभा आहे, तुमच्या मॅनेजरसारखा: हजर, पण मुका.

कुणी व्युत्पत्ती काढलीच तर घाबरू नका. ‘गेस्ट’ आणि ‘होस्ट’ एकाच जुन्या मुळातून आलेत, आणि त्याच मुळातून लॅटिनमध्ये ‘होस्टिस’ आला. होस्टिस म्हणजे शत्रू. तेव्हा तुमचं वागणं अगदीच भाषेला सोडून नाही.

‘पेइंग गेस्ट’ हा शब्द टाळा. तो खरं बोलतो.

‘बी माय गेस्ट’ म्हणजे ‘खुशाल करा’. कुणी तक्रार करतो म्हणालं की हसून हेच म्हणायचं.

आता मुख्य कला. खोल्या असतील त्यापेक्षा जास्त विकायच्या. कुणी ना कुणी येत नाहीच, त्याला ‘नो-शो’ म्हणायचं आणि पैसे ठेवून घ्यायचे. सगळेच आले तर एकाला बाहेर काढायचं. या धंद्यात त्याला गेस्टला ‘वॉक’ करणं म्हणतात, आणि रीत अशी की दुसरीकडे खोली बघून द्यायची, तिथलं भाडं आणि गाडीखर्च हॉटेलने सोसायचा. तुम्ही रीतीतलं फक्त ‘वॉक’ घ्या. परवा आम्ही घेतलाच की! आगाऊ पैसे भरलेले, कन्फर्मेशन मोबाइलवर, सोबत गुडघे धरून उभी आई, आणि काउंटरवरचा म्हणतो, ‘सर, गेस्ट इज फॅमिली फॉर अस, पण रूम शो होत नाहीये.’ शो होत नाहीये म्हणजे काय? खोली काय नाटक आहे? पुढे ‘सिस्टीममध्ये चेक करतो’ म्हणून आत गेला तो गेलाच. दुसरा आला, त्यानेही आधी नाव विचारलं आणि मग ‘डिअर गेस्ट’ म्हणाला. आम्ही नाही आलो तर पैसे बुडाले, आलो तर खोली बुडाली. हा कसला हिशेब?

आणि दुसऱ्या दिवशी मेसेज: ‘डिअर गेस्ट, आपला स्टे कसा झाला? पाच स्टार द्या.’

स्टे? कुठला स्टे? अहो, पाहुण्याकडून कुणी आगाऊ पैसे घेतं का? पाहुण्याला मध्यरात्री बॅगांसकट रस्त्यावर उभं करतं का? आम्ही तुमचे कुणी पाहुणेबिहुणे नाही, रोख पैसे मोजलेली माणसं आहोत. गोड बोलणं पुरे. खोली नसेल तर विकू नका, आणि विकलीत तर कुलूप उघडून द्या. ते रिफंडचं ‘प्रोसेसमध्ये आहे’ही आता बास झालं. पैसे परत करा आधी, मग काय हवे ते स्टार मागा.