‘आमच्या वेळी सगळं अस्सल होतं’? नव्हतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही

सध्या सांगलीतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचा मतितार्थ असा: आमच्या पिढीला ‘अरे ओ सांबा, कितने आदमी थे’ झोपेतून उठवलं तरी म्हणता येतं. तेव्हाचे मराठी सिनेमे अस्सल होते, कुणाची नक्कल नव्हती. मालिका तेरा भागांत संपायच्या, मध्ये जाहिरातींची कटकट नव्हती. आणि आता मराठीवाले नुसती दक्षिणेची कॉपी मारतात. खाली ‘पटलं तर पुढे पाठवा’. आयर्विन पुलाजवळच्या आमच्या कट्ट्यावर हा मेसेज एकाने मोठ्याने वाचला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मला तो पटलेला नाही. ज्या सिनेमांवर आपण इतका जीव लावतो, त्यांच्याबद्दल भलतंसलतं पसरू नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे लिहितोय.

सांबाचं आधी उरकतो. 1975 च्या ‘शोले’त हे वाक्य असं नाहीच. ‘कितने आदमी थे’ हा सवाल गब्बर कालिया आणि त्याच्या दोन साथीदारांना करतो. सांबाला तो विचारतो ते सरकारने आपल्यावर किती इनाम लावलंय ते, आणि वरून सांबा झालेला मॅकमोहन ‘पूरे पचास हजार’ म्हणतो. दोन वेगळी वाक्यं लोकांच्या तोंडी जुळून एक झाली. पाठांतराचा अभिमान मिरवायचा तर निदान तेवढं तरी बरोबर असावं.

आता मुख्य मुद्दा, अस्सलपणाचा. कट्ट्यावर सर्वांत जास्त वेळा निघणारा सिनेमा म्हणजे ‘अशी ही बनवाबनवी’, 1988 सालचा. तो हृषीकेश मुखर्जींच्या 1966 च्या ‘बीवी और मकान’वरून घेतलेला आहे. राहायला जागा मिळत नाही म्हणून मित्रांपैकी दोघं बायकांची सोंगं घेतात, ही गोष्टच तिथली. ‘धूमधडाका’ 1985 चा. त्याची कथा हिंदी ‘प्यार किये जा’ची, आणि ‘प्यार किये जा’ही मूळचा तमिळ, 1964 च्या ‘कादलिक्क नेरमिल्लै’वरून केलेला. म्हणजे दक्षिणेतून गोष्टी आणायचं काम तेव्हाही चालूच होतं.

हे सांगितलं की लगेच, ‘मग काय लगा, सगळी चोरीच म्हणायची का?’ असा सवाल येतो. नाही. ‘बीवी और मकान’ आज किती जणांना आठवतो? आणि ‘बनवाबनवी’तला धनंजय माने मात्र पोराटोरांनाही माहीत आहे. फरक पडला तो वसंत सबनीसांच्या लेखणीने. पुण्याचे घरमालक विश्वासराव सरपोतदार, त्यांच्या मधुमेहावरचं औषध, ते आणून देणारा माणूस वारला आणि त्याच्याबरोबर त्यांचे सत्तर रुपयेही वारले. हा प्रसंग घ्या. त्या माणसाच्या मरणापेक्षा सत्तर रुपये जास्त लागलेला तो चेहरा सुधीर जोशींनी असा काही केलाय की आपल्या पेठेतला कुणीतरी हटकून डोळ्यांसमोर येतो. हे कुठून उचलून आणता येत नाही. सांगाडा आणला, पण रक्तमांस इथलं. मुळाचं नाव पडद्यावर ठळक द्यायला हवं हे माझंही मत आहे. ते न देणं चूकच. पण गोष्ट आणणं ही चूक नव्हे.

आणि ही गोष्ट सांगलीकरांनी तरी विसरू नये. आपण गावाला नाट्यपंढरी म्हणतो ते कशाच्या जोरावर? 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ इथे केलं. त्याआधी कर्नाटकातली भागवत मंडळी सांगलीत खेळ करून गेली होती. ते पाहून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी ‘असं काही मराठीत करा’ म्हणून भाव्यांना सांगितलं. आपल्या रंगभूमीची पहिली ठिणगीच शेजारून आलेली आहे.

पुढे सांगलीजवळच्या हरिपूरचे नाटककार गोविंद बल्लाळ देवल. त्यांचं ‘झुंजारराव’ शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून. ‘संशयकल्लोळ’ आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकावरून, आणि मर्फीनेही ते फ्रेंच नाटककार मोलिएरकडून घेतलेलं. पण फाल्गुनराव आणि कृत्तिका पाहताना कुणाला फ्रान्स आठवतो? रेवतीच्या हातून पडलेली आश्विनशेटची तसबीर कृत्तिका उचलते, आणि तेवढ्या एका तसबिरीवरून दोन घरांत संशयाचा धुरळा उडतो. आजही ते नाटक लागलं की प्रेक्षक खुर्चीत लोळतात. याच देवलांनी ‘शारदा’ स्वतंत्र लिहिलं, म्हाताऱ्याशी कोवळ्या पोरीचं लग्न लावणाऱ्या समाजाला सुनावणारं. म्हणजे स्वतःचं लिहिता येत नव्हतं म्हणून त्यांनी बाहेरून आणलं, असं कुणी म्हणू शकत नाही. अस्सलपणाची ती मेसेजवाली कसोटी लावली तर देवलही नापास होतील. मला ती कसोटीच मान्य नाही.

मालिकांबद्दलचं म्हणणं अर्धं खरं आहे. तेरा भागांच्या मालिका दूरदर्शनवर खूप होत्या आणि त्यातल्या काही फार चांगल्या होत्या. पण 1984 मध्ये सुरू झालेली ‘हम लोग’ दीडशेहून अधिक भाग चालली. ‘रामायण’ ठरलं होतं 52 भागांचं, लोकप्रियता पाहून ते वाढवत 78 भागांपर्यंत नेलं. ‘महाभारत’ 94 भागांचं. लोकांना आवडलं की लांबवायचं, हा हिशेब तेव्हापासूनचा आहे. आज तो रोजच्या रोज चालतो, म्हणून जास्त खुपतो, आणि ती तक्रार रास्त आहे.

जाहिराती तर दूरदर्शनवर 1976 पासून आहेत. ‘हम लोग’चा खर्च प्रायोजकाने उचलला होता, आणि त्याच मालिकेच्या जोडीने मॅगी घराघरांत पोचली. मालिका आठवते आणि मॅगीची जाहिरात आठवत नाही, असं कसं?

राहता राहिला ‘आता नुसती दक्षिणेची कॉपी’ हा आरोप. तो आजच्या पोरांवर सरळसरळ अन्याय आहे. नागराज मंजुळेंचा ‘सैराट’ 2016 मध्ये आला. दुसऱ्याच वर्षी कन्नडमध्ये ‘मनसु मल्लिगे’ आणि पंजाबीत ‘चन्ना मेरेया’ आला, 2018 मध्ये हिंदीत ‘धडक’. प्रवीण तरडेंच्या ‘मुळशी पॅटर्न’वरून 2021 मध्ये सलमान खानचा ‘अंतिम’ झाला. आपल्याकडूनही गोष्टी बाहेर जातात, आणि ही उदाहरणं याच दहा-बारा वर्षांतली आहेत. मेसेज पुढे पाठवायचाच असेल तर निदान ही ओळ तरी आधी काढून टाका.