पृथ्वी सूर्यापासून दूर गेल्याने जुलैत थंडी वाढते का? एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

जूनच्या अखेरीस पावसाने जोर धरला की गोव्यातील पालकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक जुना संदेश नव्याने फिरू लागतो. त्याचा आशय असा : उद्या पहाटे ५ वाजून २७ मिनिटांनी ‘अ‍ॅफेलियन’ ही घटना सुरू होईल, एरवी सूर्य आपल्यापासून पाच प्रकाश-मिनिटांवर, म्हणजे ९ कोटी किलोमीटरवर असतो, तो आता १५.२ कोटी किलोमीटरवर, म्हणजे ६६ टक्के अधिक दूर जाईल. त्यामुळे ऑगस्टपर्यंत नेहमीपेक्षा जास्त थंडी पडेल आणि सर्दी, खोकला, ताप, दम लागणे असे विकार बळावतील. म्हणून जीवनसत्त्वांच्या गोळ्या घेऊन प्रतिकारशक्ती वाढवावी.

या संदेशातील एक गोष्ट खरी आहे आणि तिच्याच आधाराने बाकीची विधाने खपून जातात. पृथ्वी दर वर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात सूर्यापासून सर्वांत दूर असते. भूगोलाच्या पुस्तकात या स्थितीला, म्हणजेच संदेशातील ‘अ‍ॅफेलियन’ला, अपसूर्य म्हणतात, तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात येणाऱ्या सर्वांत जवळच्या स्थितीला उपसूर्य म्हणतात. अपसूर्य ही दर वर्षी घडणारी नियमित घटना आहे.

आता अंतराचा दावा पाहू. पृथ्वी आणि सूर्य यांच्यातील सरासरी अंतर सुमारे १४.९६ कोटी किलोमीटर आहे. उपसूर्याला ते सुमारे १४.७१ कोटी असते आणि अपसूर्याला सुमारे १५.२१ कोटी. म्हणजे संदेशातील १५.२ कोटी हा आकडा बरोबर आहे, परंतु ज्या ९ कोटींशी त्याची तुलना केली आहे तो आकडा सर्वस्वी चुकीचा आहे. शुक्र सूर्यापासून सरासरी १०.८ कोटी किलोमीटरवर आहे. पृथ्वी एरवी ९ कोटींवर असती, तर ती शुक्राच्या कक्षेच्या आत, बुध आणि शुक्र यांच्या मधोमध कुठेतरी फिरत असती. प्रकाशालाही सूर्यापासून आपल्यापर्यंत पोहोचायला पाच मिनिटे नव्हे, तर सुमारे ८ मिनिटे १९ सेकंद लागतात. उपसूर्याला हा वेळ सुमारे ८ मिनिटे ११ सेकंद असतो, अपसूर्याला सुमारे ८ मिनिटे २७ सेकंद. सर्वांत जवळच्या आणि सर्वांत दूरच्या स्थितीत फरक पडतो तो एवढाच, अवघ्या सोळा सेकंदांचा.

६६ टक्क्यांचा दावा तर संदेशातील स्वतःच्याच आकड्यांशी जुळत नाही, कारण ९ कोटींवरून १५.२ कोटींवर जाणे ही जवळजवळ ६९ टक्के वाढ होते. प्रत्यक्षातील वाढ उपसूर्याच्या तुलनेत ३.४ टक्के आहे. पृथ्वी खरोखरच आजच्या सरासरी अंतराच्या ६६ टक्के पलीकडे गेली, तर ती मंगळाच्या सरासरी अंतराच्याही (सुमारे २२.८ कोटी किलोमीटर) पुढे पोहोचेल आणि तिला मिळणारी सौर ऊर्जा आजच्या सुमारे ३६ टक्क्यांवर येईल. तशा पृथ्वीवर सर्दी-खोकल्याची चिंता करायला कोणी उरणार नाही; मांडवी आणि जुवारी या नद्याच काय, समुद्रही गोठतील.

या गैरसमजाचे मूळ आपल्या आकृत्यांमध्ये आहे, असे माझे ठाम मत आहे. शाळेच्या फळ्यावर पृथ्वीची कक्षा चांगली लांबट काढली जाते, आणि ती आकृती एकदा मनात ठसली की जुलैत पृथ्वी कुठेतरी दूर फेकली जाते हे सहज पटते. कक्षा लंबवर्तुळाकार आहे हे खरे, पण तिची विकेंद्रता, म्हणजे ती वर्तुळापेक्षा किती लांबट आहे याचे माप, केवळ ०.०१६७ आहे (पूर्ण वर्तुळाची विकेंद्रता शून्य असते). मोठा व्यास १० सेंटिमीटर धरून ती प्रमाणात काढली, तर लहान व्यास त्याहून सुमारे ०.०१४ मिलिमीटरनेच कमी भरेल, म्हणजे तासलेल्या पेन्सिलीच्या रेषेच्या जाडीतही हा फरक दिसणार नाही. सूर्य मात्र मध्यबिंदूपासून सुमारे ०.८ मिलिमीटर बाजूला दाखवावा लागेल. शिक्षकांनी ही आकृती कंपासने काढून घ्यावी. डोळ्यांना वर्तुळच दिसते, हे मुले स्वतः पाहतील.

संदेशातील ५ वाजून २७ मिनिटे या वेळेच्या बाबतीत थोडा शोध घेतला तर संदेशाच्या उगमाचा धागा हाती लागतो. २०२१ मध्ये अपसूर्याचा क्षण भारतीय वेळेनुसार ६ जुलैच्या पहाटे ३ वाजून ५७ मिनिटांनी आला होता, आणि त्या क्षणी जाकार्तात ५ वाजून २७ मिनिटे झाली होती. इंडोनेशियाच्या घड्याळातील ती वेळ पुढची सर्व वर्षे तशीच फिरत राहिली असावी, असे अनुमान त्यावरून निघते. २०२५ मध्ये हाच क्षण आपल्याकडे ४ जुलैच्या मध्यरात्रीनंतर १ वाजून २४ मिनिटांनी आला.

संदेशाचा गाभा मात्र थंडीचा आहे आणि तिथे थांबून विचार करणे आवश्यक आहे. जुलैच्या एकाच दिवशी दिल्ली, पणजी आणि सिडनी ही तिन्ही शहरे सूर्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर असतात. तरीही दिल्ली उकाड्याने त्रस्त असते, सिडनीत हिवाळा असतो आणि पणजीत पाऊस कोसळत असतो. अंतर सारखे असताना ऋतू वेगळे असतील, तर ऋतूंचे कारण अंतर असू शकत नाही. ते कारण म्हणजे पृथ्वीच्या अक्षाचा सुमारे २३.४ अंशांचा कल. जुलैत उत्तर गोलार्ध सूर्याकडे कललेला असतो. पणजी सुमारे १५.५ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे ४ जुलैला तिथे मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ८३ अंश उंच, म्हणजे जवळजवळ डोक्यावर असतो. ४ जानेवारीला तो सुमारे ५२ अंशांपर्यंतच चढतो. केवळ या उंचीमुळे सपाट जमिनीवर मध्यान्ही पडणारी ऊर्जा जानेवारीच्या सव्वापट होते, शिवाय दिवसही दीड तासाहून अधिक मोठा असतो. अपसूर्यामुळे ऊर्जा सुमारे ७ टक्क्यांनी घटते हे मान्य केले, तरी या वाढीपुढे ती घट टिकत नाही.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. गोव्यात जुलैची दुपार जानेवारीच्या दुपारीपेक्षा थंड असते, हे आपण सर्वजण अनुभवतो. मग संदेश खोटा कसा? मे महिन्यात ३३ अंशांच्या आसपास असणारे सरासरी कमाल तापमान जुलैत २९ अंशांच्या आसपास उतरते, हे खरेच आहे. परंतु ते उतरवतात ढग. नैऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून बाष्प आणतात, सह्याद्रीला अडून ती हवा वर चढते, आणि दाट ढग दिवसाचे ऊन वरच्या वरच परतवतात. तेच ढग रात्री जमिनीची उष्णता निसटू देत नाहीत, म्हणून जुलैतील किमान तापमान २४ अंशांच्या आसपास राहते, तर जानेवारीत ते २० अंशांच्या आसपास उतरते आणि सत्तरी-सांगे या तालुक्यांच्या आतल्या भागांत त्याहूनही खाली जाते. सूर्य दूर गेल्याने गारवा आला असता, तर दिवस आणि रात्र दोन्ही गार व्हायला हवे होते. शिवाय हा पाऊस आणणारे वारेही उन्हाळ्यात भारतीय उपखंडाची जमीन समुद्रापेक्षा अधिक तापल्यामुळेच इकडे वळतात. म्हणजे जुलैतील आपला गारवा प्रखर उन्हाचीच परिणती आहे.

‘ऑगस्टपर्यंत’ हा शब्दप्रयोगही निराधार आहे. अपसूर्य हा एक क्षण आहे. त्यानंतर अंतर कमीच होत जाते, आणि ऑगस्ट संपेपर्यंत पृथ्वी सुमारे १० लाख किलोमीटर जवळ आलेली असते.

आजारांविषयीचे विधान मला सर्वांत घातक वाटते. पावसाळ्यात ताप-खोकला वाढतो, पण तो विषाणूंमुळे, दमट हवेमुळे आणि बंद खोल्यांतील गर्दीमुळे. डेंग्यू आणि मलेरिया साचलेल्या पाण्यातील डासांमुळे पसरतात, तर शेताच्या चिखलात काम करणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य तापाचा धोका असतो. यांपैकी एकही आजार जीवनसत्त्वाच्या गोळीने टळत नाही. आपल्या मुलाचा ताप अंतराळातील घटनेमुळे आला आहे, अशी समजूत करून घेऊन पालकांनी रक्ततपासणी लांबवली, तर त्याची किंमत त्या मुलाला मोजावी लागते.

अपसूर्याचा खराखुरा परिणाम विद्यार्थ्यांना पाहायचाच असेल, तर तो दिनदर्शिकेत सापडतो. खगोलशास्त्रज्ञ केप्लर यांच्या ग्रहगतीच्या दुसऱ्या नियमानुसार सूर्यापासून दूर असताना ग्रह सावकाश फिरतो. पृथ्वीचा वेग उपसूर्याला सेकंदाला सुमारे ३०.३ किलोमीटर असतो, तो अपसूर्याला २९.३ किलोमीटरपर्यंत उतरतो. त्यामुळे मार्चच्या विषुवदिनापासून (दिवस आणि रात्र जवळजवळ सारखे असतात तो दिवस) सप्टेंबरच्या विषुवदिनापर्यंत, म्हणजे अपसूर्य ज्यात येते त्या अर्ध्या फेरीत, सुमारे १८६ दिवस भरतात आणि तिथून पुन्हा मार्चपर्यंत सुमारे १७९.