'चोचले' या शब्दाबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

शहरातल्या बागांवरच्या माझ्या मागच्या लेखावर एका वाचकांनी टोपणनावाने मोठी प्रतिक्रिया लिहिली आहे. सगळ्यांनी ती वाचली असेलच असं नाही, म्हणून थोडक्यात सांगते. बर्कनहेड पार्कचं साल मी चुकवलं, बाग झाली की आसपासची भाडी वाढतात आणि गरीबच बाहेर फेकला जातो, झाडांना पाणी कुठून आणणार, आणि शेवटी हे वाक्य: "एसीत बसून लिहिणाऱ्या बायकांना बागांचे चोचले सुचतात, पत्र्याखाली राहणाऱ्याला आधी पक्कं घर हवं असतं."

आधी चूक कबूल करते. इंग्लंडमधलं बर्कनहेड पार्क लोकांसाठी खुलं झालं ते १८४७ मध्ये. मी १८४३ लिहिलं होतं. दुरुस्त करते, आभार.

आता ते वाक्य. उत्तर द्यायचं नाही असं ठरवून दोन दिवस गप्प बसले, पण राहवत नाही. त्यात 'बायकांना' कशासाठी? हाच लेख पुरुषाने लिहिला असता तर तुम्ही 'पुरुषांना' असं लिहिलं असतं का? मत पटलं नाही तर तसं खुशाल सांगा. पण समोरच्याला ओळखत नसताना तो कुठे बसून लिहितो, कसा वाढला, हे परस्पर ठरवून मोकळं होण्याला टीका म्हणत नाहीत.

तर ऐका. वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत मी पत्र्याखालीच राहिले. सहा माणसं, एक खोली. उन्हाळ्यात रात्री अकराला भिंतीला हात लावला तरी चटका बसायचा. आई काजं-बटणं करायची. भर दुपारी आत बसलं की हाताच्या घामाने कापडाला डाग पडत, आणि डाग पडलेला शर्ट पैसे न मिळता परत येई. म्हणून ती गाठोडं उचलून बागेकडे जायची. बाग दुपारी बंद, फाटकाला कुलूप. पण कडेच्या झाडाच्या दोन फांद्या कुंपणाबाहेर आल्या होत्या. फुटपाथवर त्यांची जेवढी सावली पडे, तेवढ्यात आई आणि आणखी तीन-चार जणी दाटीवाटीने बसत. सावली सरकली की गाठोडी सरकायची. आत बाकं रिकामी. मग एका वर्षी तारांना लागतात म्हणून त्या फांद्या छाटल्या, आणि आईने ते काम सोडलं.

याला तुम्ही चोचले म्हणता?

पक्कं घर आम्हाला मिळालं ते मी नोकरीला लागल्यावर. मधली सगळी वर्षं आम्ही काय करायचं होतं? आणि पक्क्या घरालाही भोवती झाड लागतंच. डांबर आणि काँक्रीट दिवसभर ऊन पितात आणि रात्रभर ते सोडत बसतात. झाड सावली देतं, शिवाय पानांतून पाणी बाहेर टाकताना हवेतली उष्णता घेतं. ज्याच्याकडे स्वतःचं अंगण आहे, त्याला सार्वजनिक बाग नसली तरी चालतं. ज्याच्याकडे नाही, त्याचं अडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने घरापासून ३०० मीटरच्या आत निदान अर्धा हेक्टर हिरवी जागा असावी असं सुचवलंय, ते याच माणसासाठी. अमेरिकेत १९३० च्या दशकात काही वस्त्या नकाशावर लाल रंगवून कर्जासाठी धोकादायक ठरवल्या गेल्या. कृष्णवर्णीयांच्या आणि गरिबांच्या वस्त्यांवर हा शिक्का बसे. १०८ शहरी भागांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात त्या वस्त्यांमधली जमीन आजही इतर वस्त्यांपेक्षा सरासरी सुमारे २.६ अंश सेल्सियसने जास्त तापलेली आढळली. तिथे झाडं कमी आणि डांबर जास्त, हे त्यामागचं एक ठळक कारण. तेव्हा कोणी कुठे किती ऊन सोसायचं, हेसुद्धा कोणीतरी ठरवतं.

भाड्यांचं म्हणाल तर मला ते माहीत नाही असं समजू नका. न्यूयॉर्कच्या हाय लाइनचा, म्हणजे जुन्या उंच रेल्वेमार्गावर केलेल्या बागेचा, पहिला टप्पा २००९ मध्ये खुला झाला आणि आसपासच्या जागांचे भाव कुठच्या कुठे गेले, हे जगजाहीर आहे. पण तो प्रश्न घरांच्या धोरणाचा, झाडाचा नव्हे. भाडं वाढेल म्हणून वस्ती उघडीबोडकी ठेवा, असं तर तुम्हीही म्हणणार नाही. पाण्याचं उत्तर सोपं आहे: शुद्ध केलेलं सांडपाणी बागांना देतात, आणि एकदा रुजलेल्या देशी झाडाला हिरवळीइतकं पाणी लागत नाही. त्यावर आणखी वाद घालत बसत नाही.

साल मी आजच बदलते आहे. 'चोचले' हा शब्द तुम्ही मागे घ्यावा, एवढी विनंती आहे. माझ्यासाठी नको, त्या फुटपाथवर बसणाऱ्या चौघी-पाचजणींसाठी.