एकेकटी गेली असती तर वाचली असती? अटलांटिकच्या ताफ्यांबद्दलचा एक हट्टी गैरसमज

दुसऱ्या महायुद्धातल्या अटलांटिक ताफ्यांबद्दल एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: चाळीस-पन्नास व्यापारी जहाजं एकत्र आणून ब्रिटिश नौदलाने जर्मन पाणबुड्यांना आयतं सावज दिलं. सर्वांत संथ जहाजासाठी सगळ्यांना रखडवलं. ‘एससी ७’ची कत्तल हा त्याचा पुरावा. ताफा जितका मोठा तितका धोका मोठा. व्यापारी खलाशांना तर मेंढरांसारखं रांगेत चालण्यापलीकडे कामच नव्हतं. आणि शेवटी एक ओळ: जहाज बुडालं की त्यांचा पगारही बंद. ही शेवटची ओळ बरीचशी खरी आहे. बाकीचं चूक आहे, आणि ज्यांनी ही जहाजं चालवली त्यांच्यावर अन्याय करणारं आहे.

पहिला मुद्दा दिसण्याचा. पाणबुडीच्या मनोऱ्यावर उभ्या माणसाला स्वच्छ हवेत एकटं जहाज साधारण १० मैलांवरून दिसतं असं धरा. म्हणजे ते जहाज समुद्रातून २० मैल रुंदीचा धोक्याचा पट्टा ओढत जातं. ताफ्याची पुढची बाजू ४ मैल रुंद असेल, तर त्याचा पट्टा २४ मैलांचा. तीच ४० जहाजं वेगवेगळ्या वाटांनी सोडली तर प्रत्येकी २० मैलांचे ४० पट्टे होतात, एकूण ८०० मैल. ताफ्याचा धूर दुरून दिसतो हे मान्य, पण त्यासाठी २४चे दुप्पट केले तरी ४८च होतात. शिवाय पाणबुड्या कुठे जमल्या आहेत याचा सुगावा लागला, की एका बिनतारी संदेशाने सबंध ताफा दुसऱ्या वाटेने वळवता येई. विखुरलेल्या ४० जहाजांना असं सांभाळणं अशक्य. एकेकट्या जहाजांच्या वाटेवर बसलेल्या पाणबुडीला आज एक, उद्या दुसरं, अशी शिकार मिळत राहते आणि मध्ये टॉर्पेडो भरायला हवा तेवढा वेळ. ताफा एकदाच जातो, आणि सोबतच्या रक्षकनौकांनी पाणबुडीला पाण्याखाली दाबलं तर तिचा वेग पृष्ठभागावरच्या १७ नॉटवरून (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) जेमतेम ७ नॉटवर येतो. तोही तासाभराच्या वर टिकत नाही, बॅटऱ्या संपतात. तेवढ्यात ताफा निघून जातो.

वेगाचं म्हणणं मुळात नियमच न वाचता केलेलं आहे. ऑगस्ट १९४० पासून संथ जहाजांचे ‘एससी’ ताफे कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावरच्या सिडनीहून वेगळे निघत आणि जलद जहाजांचे ‘एचएक्स’ ताफे हॅलिफॅक्सहून. १५ नॉट किंवा त्याहून जास्त वेगाची जहाजं एकटी जात. आणि हा मजकूर जे मागतो ते प्रत्यक्ष करूनही पाहिलं गेलं. नोव्हेंबर १९४० मध्ये ही मर्यादा १३ नॉटवर आणली. वाट पाहण्यात आणि बंदरात खोळंबण्यात जाणारे दिवस वाचतील हा हिशेब होता, आणि तो खोळंबा खराच होता. पण एकट्या जहाजांच्या बुडण्याचं प्रमाण ताफ्यातल्या जहाजांच्या दुपटीहून अधिक निघालं. जून १९४१ मध्ये मर्यादा पुन्हा १५ वर गेली. १९४२ च्या पहिल्या महिन्यांत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ताफे नव्हते. तिथे पाणबुड्यांनी एकेकटी जहाजं सपाट्याने टिपली. मे महिन्यात किनारी ताफे सुरू झाल्यावर त्या मेक्सिकोच्या आखाताकडे आणि कॅरिबियनकडे सरकल्या, म्हणजे जहाजं अजून एकटी फिरत होती तिकडे.

आता एससी ७. ऑक्टोबर १९४० मध्ये निघालेल्या ३५ जहाजांपैकी २० बुडाली, हे खरं. पण सुरुवातीला सोबत होती एकच रक्षकनौका, स्कारबरो. पुढे आणखी येऊन मिळाल्या, पण त्यांनी एकत्र कधी सराव केलेला नव्हता. पाणबुड्या रात्री पृष्ठभागावरून आल्या. ध्वनीने पाण्याखालचा शोध घेणारं यंत्र अशा वेळी निरुपयोगी ठरतं, आणि रडार नव्हतं. एवढंच नाही, या ताफ्याची पहिली बुडालेली ट्रेव्हिसा रांगेतून मागे पडलेली होती. एकटी. यातून सिद्ध होतं ते रक्षण अपुरं असल्याचं. ताफा नको होता, हे नव्हे. एप्रिल-मे १९४३ मध्ये ‘ओएनएस ५’ या ताफ्याने १३ जहाजं गमावली, पण सराव झालेल्या रक्षकगटाने निदान ६ पाणबुड्या बुडवल्या, आणि २४ मे रोजी जर्मन नौदलप्रमुख ड्योनित्झने उत्तर अटलांटिकमधून पाणबुड्या मागे घेतल्या. मधल्या वर्षांतले बहुसंख्य ताफे एकही जहाज न गमावता पार गेले. त्यांच्यावर कुणी मजकूर लिहीत नाही.

पांगण्याचा हुकूमही होता, पण तो मोठ्या तोफांच्या युद्धनौकेसाठी. नोव्हेंबर १९४० मध्ये ‘एचएक्स ८४’वर अ‍ॅडमिरल शेअर ही जर्मन युद्धनौका चालून आली. जर्विस बे हे जुन्या तोफा बसवलेलं प्रवासी जहाज तिच्यावर धावून गेलं आणि बुडालं. त्या वेळात ताफा पांगला आणि व्यापारी जहाजं गेली ती फक्त ५. जुलै १९४२ मध्ये उत्तर ध्रुवाकडच्या ‘पीक्यू १७’ला टिर्पिट्झ या जर्मन युद्धनौकेच्या धास्तीने तोच हुकूम दिला. टिर्पिट्झ आलीच नाही. आल्या पाणबुड्या आणि विमानं. ३५ पैकी २४ जहाजं गेली, त्यातली बहुतेक पांगल्यानंतर.

मोठा ताफा जास्त धोक्याचा, या समजुतीला भौतिकशास्त्रज्ञ ब्लॅकेट यांच्या नौदलातल्या संशोधक गटाने उत्तर दिलं. जहाजं दुप्पट झाली की क्षेत्रफळ दुप्पट होतं, पण राखायचा परीघ तेवढा वाढत नाही. ८० जहाजांच्या ताफ्याचा परीघ ४० जहाजांच्या ताफ्याहून साधारण एक-सप्तमांशच जास्त भरतो. जुलै १९४४ मध्ये ‘एचएक्स ३००’ ताफ्यातून दीडशेहून अधिक जहाजं गेली. एकही बुडालं नाही.

राहिली मेंढरांची उपमा. ताफा रुंद आणि उथळ असे: नऊ-दहा स्तंभ, प्रत्येकात चार-पाच जहाजं. स्तंभांत १००० यार्ड अंतर, मागच्या-पुढच्या जहाजांत ४००. जहाजाचा क्रमांकच त्याची जागा सांगे. ५३ म्हणजे पाचव्या स्तंभातलं तिसरं. तेलवाहू आणि दारूगोळ्याची जहाजं आतल्या बाजूला.

हे ४०० यार्ड राखायचे कसे? पुढच्या जहाजाच्या डोलकाठीची उंची माहीत असते. सेक्स्टंटने तिचा कोन मोजायचा. १०० फूट उंचीला ४०० यार्डांवर कोन येतो ४ अंश ४६ मिनिटं. तो ३ अंश ४९ मिनिटं झाला, म्हणजे आपण १०० यार्ड मागे पडलो. मग इंजिनरूमला सांगायचं, पंख्याचे मिनिटाला दोन फेरे वाढवा. ज्या जहाजाला ९ नॉटसाठी मिनिटाला ६० फेरे लागतात, त्याचा एक फेरा चुकला तर तासाला ३०० यार्ड इकडे-तिकडे होतात. चाळीस वेगवेगळ्या वयांची इंजिनं, वेगवेगळा कोळसा. भट्टीतली खंगर (जळून घट्ट झालेली राख) काढताना वाफेचा दाब उतरतो, फेरे घसरतात. घाईने जास्त कोळसा टाकला तर काळा धूर उठतो आणि मैलोगणती दिसतो. पश्चिमेकडे रिकामं जाणारं जहाज वाऱ्यावर ढकललं जातं, त्याचा पंखा लाटेबाहेर निघून नुसताच गरगरतो.

रात्री दिवे बंद, फार तर मागचा एक मंद दिवा. धुक्यात प्रत्येक जहाज लांब तारेवर एक तराफा ओढी. त्यातून पाण्याचा फवारा उडे आणि मागच्याने नाळेवरून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावरून, नजर ठेवायची ती त्या फवाऱ्यावर. कमोडोरकडून, म्हणजे ताफ्यातल्या व्यापारी जहाजांच्या प्रमुखाकडून, आणीबाणीच्या वळणाचा इशारा आला (दिवसा झेंडे, रात्री रंगीत दिवे आणि भोंगा) की सगळ्यांनी एकदम ४५ अंशांत वळायचं. एकाने इशारा चुकवला तर तो थेट शेजारच्या स्तंभात घुसणार. कचरा अंधार पडल्यावरच समुद्रात टाकायचा, नाहीतर तरंगता माग मागे राहतो. ही शिस्त नसती तर रक्षकनौकांना राखायला ताफाच उरला नसता.

हे काम करणाऱ्यांत हिंदी खलाशी मोठ्या संख्येने होते. मुंबईत खलाशी भरती केलेल्या जहाजांवर डेकवर सारंग आणि टंडेल या मुकादमांच्या हाताखाली रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची माणसं असत, भटारखान्यात आणि सलूनमध्ये गोव्याची. भट्टीपाशी आगवाले बहुधा पंजाब आणि वायव्य सरहद्दीकडचे. युद्धात गेलेल्या सहा हजारांहून अधिक हिंदी दर्यावर्दींची नावं मुंबईच्या इंडियन सेलर्स होममधल्या नोंदवहीत आहेत. ही माणसं रांगेत नुसती चालत नव्हती, ती रांग त्यांच्या हातांनी टिकली होती.

बुडालेल्यांना उचलायला १९४१ पासून ताफ्यांमागे बचावजहाजं असत. त्यांनी चार हजारांहून अधिक जीव वाचवले. एकट्या जहाजाच्या मागे असं कुणीच नसे.

पगाराचं: मे १९४१ च्या सरकारी आदेशापर्यंत ब्रिटिश खलाशाचा पगार जहाज बुडाल्याच्या दिवशी थांबवण्याची रीत होती, काही कंपन्यांनी मात्र तो चालू ठेवला. हिंदी खलाशाचा पगार तर ब्रिटिश खलाशाच्या पगाराचा लहानसा हिस्साच होता. १९३९ च्या शरदात हिंदी खलाशांनी ब्रिटिश बंदरांत काम थांबवलं, त्यातल्या काहींना तुरुंगात टाकलं गेलं, आणि मगच त्यांच्या वेतनात वाढ झाली.